ठरावावरची सही

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी गावच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक भरली. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही तालुक्यात असे गाव दाखवता येईल. दिवस सुटीचे होते. घरोघरी पुरुमेंताची धांदल होती, कोणी छपराची कौले परतत होते, कोणी लाकडे आत घेत होते. तरीही बारा सदस्यांपैकी सात जण आले, आणि त्यांत पाच स्त्रिया होत्या. या समितीवर आम्ही गेली चार वर्षे आहोत. आमची नातवंडे या शाळेत शिकत नाहीत. पालकांव्यतिरिक्त ज्या थोड्या जागा असतात, त्यांपैकी गावातील जाणत्या माणसासाठी म्हणून ठेवलेल्या एका जागेवर आम्हांस बसविण्यात आले आहे. जाणतेपणाचा पुरावा कोणी मागितला नव्हता.

वरच्या कार्यालयातून आलेल्या गृहस्थांनी पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला. तो ठराव होता. शाळेची पटसंख्या नऊवर आली असल्याने, मुलांच्या शैक्षणिक हिताचा विचार करून, ही शाळा नजीकच्या शाळेत विलीन करण्यास समिती सर्वानुमते संमती देत आहे, असा त्याचा आशय होता. खाली सह्यांसाठी बारा ओळी आखलेल्या होत्या. बैठक सुरू होऊन पाच मिनिटे झाली नव्हती, चर्चेचा एक शब्द उच्चारला गेला नव्हता, आणि समितीचे ‘सर्वानुमत’ मात्र आदल्या दिवशीच टंकलेखकाच्या हातून तयार होऊन आले होते. आम्ही तो शब्द दोनदा वाचला. गृहस्थ स्वभावाने सौम्य होते. ते म्हणाले, ‘निर्णय वर झालेलाच आहे, तुमची फक्त सही हवी.’

त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका माउलीने विचारले, ‘सायबा, आनी पावसांत भुरग्यांक कोण व्हरतलो?’ या प्रश्नाचे उत्तर ठरावात नव्हते. नजीकची शाळा रस्त्याने अडीच किलोमीटरवर आहे. जवळच्या वाटेने गेले तर एवढे अंतर पडत नाही, पण त्या वाटेवर ओहोळ आहे आणि ओहोळावर साकव. मृग लागला की त्या साकवावरून मोठी माणसेदेखील हात धरून चालतात.

आज आम्ही लिहावयास बसलो आहोत ते या प्रश्नाच्या निमित्ताने. मात्र तक्रारीची वही उघडण्यापूर्वी एक कबुली देणे आवश्यक आहे, कारण ती न देता पुढचे सारे लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या शाळेत दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन बाई होत्या. पटावर मुले तेव्हा सोळा होती. एके दिवशी पत्र आले की, दुसऱ्या बाईंची दुसऱ्या एका शाळेत ‘तात्पुरती’ सोय केली जात आहे. हे पत्र समितीपुढे माहितीसाठी ठेवले गेले. इतिवृत्तात ‘माहिती घेतली’ अशी नोंद झाली, खाली सह्या झाल्या आणि चहा आला. त्या सह्यांत आमचीही सही आहे. तात्पुरती गेलेली बाई आजतागायत परत आलेली नाही.

त्या दिवशी आम्हांस कायदा ठाऊक नव्हता, असेही म्हणण्याची सोय नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक असले पाहिजेत, असे त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. मुले नऊ असोत वा एकोणसाठ, शिक्षक दोन. याच कायद्याचे पंचविसावे कलम असे सांगते की, एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकास दुसऱ्या शाळेत वा कचेरीत कामाला लावता येणार नाही. अपवाद जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांचा. म्हणजे ज्या पत्राची आम्ही ‘माहिती घेतली’, त्या पत्रालाच कायद्याचा आधार नव्हता. एका ओळीचा आक्षेप नोंदविला असता तरी तो कागदावर राहिला असता. चहाच्या कपापुढे आम्हांस ते सुचले नाही.

पुढे जे घडले ते कोणत्याही खेड्यातील पालक डोळे मिटून सांगेल. चार वर्ग, एक बाई. त्याच बाईंनी हजेरीपट भरायचा, माध्यान्ह आहाराचा हिशेब ठेवायचा, वर मागितलेली माहिती वेळेत पाठवायची, बैठकीला तालुक्याच्या गावी जायचे आणि उरलेल्या वेळात चौथीला भागाकार व पहिलीला मुळाक्षरे शिकवायची. बाई आजारी पडल्या की शाळेला कुलूप. ज्या आईबापांना परवडत होते त्यांनी आपली मुले काढून बाजारपेठेच्या गावातील अनुदानित शाळेत घातली. तिथे वर्गागणिक शिक्षक आहे आणि दाराशी पिवळा बालरथ येतो. सोळाची बारा झाली, बाराची नऊ झाली. आणि मग नवाचा आकडा पुढे करून सांगण्यात आले की, गावकऱ्यांनाच ही शाळा नको आहे! एखाद्याच्या घराची भिंत आपणच पोखरायची आणि घर पडू लागले की त्याला धोकादायक इमारतीची नोटीस बजावायची, असा हा न्याय आहे.

एकशिक्षकी शाळा ही अशा रीतीने घडते, तरी सरकारी कागदोपत्री ती एखाद्या नैसर्गिक वस्तूसारखी वावरते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०१६-१७ चे आकडे दिले आहेत. त्यांवरून देशातील सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ २८ टक्के शाळांत तिसाहून कमी मुले होती आणि एकशिक्षकी शाळांची संख्या १,०८,०१७ होती. त्यांपैकी ८५,७४३ पहिली ते पाचवीच्या प्राथमिक शाळा होत्या. दोन शिक्षकांचा दंडक अमलात येऊन सहा-सात वर्षे लोटल्यावरचे हे आकडे आहेत. ते वाचून लहान शाळा चालविणे परवडत नाही, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. लाखावर शाळांत कायदा मोडला जात होता, हा दुसरा निष्कर्षही त्याच आकड्यांत होता. तो फारसा कोणी काढला नाही.

आमच्या राज्यात २०२२ साली एकशिक्षकी शाळांच्या विलीनीकरणाची भाषा सुरू झाली तेव्हा गावोगाव नाराजी उमटली. शेजारच्या महाराष्ट्रात २०१७ साली दहाहून कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचे ठरले होते, आणि २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळांची मिळून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला, त्या वेळी तिथल्या शिक्षक-पालकांनीही मोठा आवाज उठविला. तात्पर्य, हा रोग एकट्या गोमंतकाचा नाही. मात्र आमच्याकडे त्याला एक वेगळी पार्श्वभूमी आहे, आणि ती सांगितल्यावाचून साकवाचा प्रश्न नीट कळणार नाही.

गोमंतकात मराठी शाळा सरकारने काढल्या नाहीत. त्या गावांनी काढल्या. पोर्तुगीज आमदानीत सरकारी शिक्षण म्हणजे प्रिमैर ग्राव आणि पुढे लिसेव. त्याच्याशी खेड्यातल्या हिंदू मुलाचा संबंध थोडा. त्याला अक्षरओळख करून देणारा शेणैमाम कोणाच्या तरी पडवीत वा देवळाच्या अग्रशाळेत मुले जमवून बसे. त्याचे जेवण घरोघरी पाळीने ठरलेले असे आणि वेतन बहुधा भात-नारळांत मिळे. १९०८ साली पणजीत जी संस्था निघाली तिचे ‘मुष्टिफंड’ हे नावच घरटी मूठभर तांदळाची आठवण देते. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील बंधने सैल झाली आणि त्यानंतर अशा शाळांना बहर आला. फोंड्याचे आल्मेदा हायस्कूल १९११ चे. या मोठ्या नावांमागे शेकडो बिननावाच्या शाळा होत्या, आणि त्या चालवाव्यात की बंद कराव्यात, मास्तर ठेवावा की बदलावा, याचा निर्णय गावच करी. त्या निर्णयात जातीचा गंड होता, भाटकाराचा शब्द अखेरचा होता, मुंडकाराच्या मुलाला पडवीच्या पायरीशीच थांबावे लागे, हे सर्व खरे आहे. ते दिवस परत यावेत, असे आम्ही म्हणत नाही.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि पुढील दहा वर्षांत वाड्यावाड्यावर सरकारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. पायरीशी थांबलेला मुलगा पहिल्या बाकावर जाऊन बसला, तो या शाळांमुळे. जागा पुष्कळ ठिकाणी गावानेच दिल्या. कुठे देवस्थानाने खोली दिली, कुठे कोणा शेतकऱ्याने भरडातला तुकडा सोडला, तर कुठे लोकांनी चिरे वाहिले. आजच्या आमच्या या शाळेची जमीनही अशीच मिळालेली आहे. देणाऱ्याचा नातू समितीवर आहे आणि नऊ मुलांत त्याची मुलगी आहे. भाऊसाहेबांच्या कार्याचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु त्या वेळी आणखी एक गोष्ट नकळत घडली. शाळा सरकारची झाली, मास्तर सरकारचा झाला, आणि त्याबरोबर शाळेविषयीचा निर्णयही पणजीला गेला. त्या काळी कोणाला त्याचे वाईट वाटले नाही, कारण पणजीहून येत होते ते सारे देणेच होते. घेण्याची पाळी आली तेव्हा गावाच्या ध्यानात आले की आपल्या हाती काहीच उरलेले नाही.

सीमेपलीकडे सिंधुदुर्गात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. तिथला कारभार आदर्श आहे असे नव्हे, पण निवडून आलेल्या माणसाला निदान वाटेत अडवून जाब तरी विचारता येतो. घटनेत १९९२ साली झालेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांची जी यादी जोडली, तीत प्राथमिक शिक्षण आहे. आमच्याकडे १९९४ साली पंचायत राज कायदा झाला, २००० साली जिल्हा पंचायतीही आल्या, आणि प्राथमिक शाळा मात्र होत्या तिथेच, थेट शिक्षण खात्याच्या हाताखाली राहिल्या. तेव्हा गावच्या माणसाला शाळेविषयी अधिकृतपणे बोलता येईल अशी एकच जागा शिल्लक राहते, ती म्हणजे ही व्यवस्थापन समिती. कायद्याने तिची रचना विचारपूर्वक केली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकासाचा आराखडा करून त्याची शिफारस करणे, आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. जिचा आवाज ग्रामसभेत कधी ऐकू येत नाही, तिला या समितीत कायद्याने खुर्ची दिली आहे.

त्या खुर्चीचे आम्ही सर्वांनी मिळून काय केले, तेही सांगितले पाहिजे. आराखडा म्हणजे गेल्या वर्षीचा कागद, वर साल बदललेले. आमच्या समितीच्या आराखड्यात ‘स्वच्छतागृहाच्या दाराची दुरुस्ती’ ही बाब तीन वर्षे ओळीने आहे. दार अजून तसेच आहे. इतिवृत्त शिक्षिकेने लिहायचे, कारण इतरांना वेळ नाही. जे बैठकीला आले नाहीत त्यांच्या घरी मुलाकरवी वही पाठवून सही आणायची. स्त्री सदस्य येतात, भिंतीशी बसतात, आणि त्यांच्या वतीने त्यांचे यजमान फोनवर मत कळवितात. समित्यांना अधिकार नाहीत अशी ओरड आम्ही वारंवार ऐकतो, स्वतःही केली आहे. जे थोडे अधिकार आहेत ते वापरून पाहिल्याचे उदाहरण आमच्या वहीत या मे महिन्यापर्यंत तरी नव्हते.

विलीनीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे सारे म्हणणे खोटे आहे, असेही आम्हांस वाटत नाही. नऊ मुलांची शाळा ही मुलांच्या दृष्टीने फार सुखाची जागा नसते. आमच्या शाळेत तिसरीत एकच मुलगा आहे. त्याला वर्गात पहिला क्रमांक मिळतो आणि शेवटचाही त्यालाच. खेळाला गडी जमत नाहीत. कविता एकत्र म्हणण्याचा जो आनंद असतो, तो एकट्या आवाजात कुठून यायचा? त्याच्या आईला विचारले तर ती म्हणते, ‘वीस मुलांत बसला तर तो बोलायला लागेल.’ या आईचे बोलणे आम्ही मनावर घेतले आहे. मोठी, भरलेली, चार शिक्षकांची शाळा तिला हवी आहे, आणि ती मिळत असेल तर गावच्या शाळेच्या भिंतींवर तिचे इतके प्रेम नाही. ‘शाळा वाचवा’ म्हणून फलक धरणाऱ्यांनी तिलाही एकदा भेटावे.

पण हीच आई ठरावावर सही करावयास तयार नव्हती. सहा वर्षांचे मूल तिकडे पोहोचणार कसे, एवढेच तिला हवे होते, आणि तेही लेखी. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटर चालण्याच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. अवघड चढउतार, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव असेल तिथे हे धोके टळतील अशा बेताने शाळा ठेवावी, आणि जिथे ते शक्य नसेल तिथे मोफत वाहनाची सोय करावी, असेही त्यांत आहे. नियम करणाऱ्याने सत्तरी-सांग्याचा पाऊस पाहिला असावा, असे वाटावे इतके ते नेमके आहे. ठराव आणणाऱ्या गृहस्थांना आम्ही हे दाखविले. वाहनाची सोय ‘होईल’, असे ते म्हणाले. कोणत्या महिन्यापासून? ते सांगता येणार नाही. वाहन बंद पडले तर? तसे होणार नाही. हे सारे ठरावात घालाल काय? ठरावाचा नमुना वरून आलेला आहे, त्यात बदल करता येत नाही.

ज्या बालरथाने आमची सात मुले बाजारपेठेच्या शाळेत नेली, तो आमच्या शाळेच्या दारावरूनच जातो, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. तो अनुदानित शाळेसाठी आहे. सरकारने पैसे दिलेले वाहन सरकारी शाळेच्या मुलांना मागे टाकून पुढे जाते, आणि साकवाच्या वाटेने चालत जाणारा तिसरीतला मुलगा त्याला हात करतो.

प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला की गोमंतकात माध्यमाचा वाद निघतोच, आणि तो निघाला की बाकी सारे विषय बाजूला पडतात. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर प्रादेशिक भाषांच्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण ठरले. २०११ साली ते सैल करून इंग्रजी शाळांना अनुदान खुले झाले, आणि २०१२ नंतर अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांपुरते ते चालू राहिले. या वादात आमची बाजू या पत्राच्या वाचकांना ठाऊक आहे. ती आम्ही सोडलेली नाही. परंतु तीस वर्षांत आझाद मैदानावर मातृभाषेच्या नावाने जेवढा घसा आम्ही ओढला, त्याच्या शतांशानेही मातृभाषेतून शिकविणाऱ्या या शाळांत दुसरी बाई आहे की नाही हे पाहिले नाही. मोर्चाहून परतताना वाटेतल्या शाळेचे कुलूप आम्हांस दिसले नाही. आणि ज्यांनी भाषणे केली त्यांतील कितीजणांची नातवंडे या शाळांत आहेत, हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारणार नाही, कारण आमची स्वतःची कुठे आहेत हे वर सूचित करून झाले आहे. ती पणजीत इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या आईबापांनी तो निर्णय घेतला तेव्हा आम्ही घरात होतो, आणि गप्प होतो.

यामुळेच एक विचित्र स्थिती उद्भवते. शाळेविषयी लिहिणारे, बोलणारे, ठराव करणारे आणि ठराव टंकित करणारे, या सर्वांची मुले दुसरीकडे आहेत. ज्यांची मुले या शाळेत आहेत ती माणसे सकाळी काजूच्या बागेत वा कोणाच्या घरकामाला गेलेली असतात, आणि त्यांत आता परप्रांतांतून आलेल्या मजुरांची कुटुंबेही आहेत. आमच्या नऊ मुलांत दोन घरी कानडी बोलतात आणि बाईंशी मराठी. त्यांपैकी एकीच्या वडिलांना समितीवर घ्यावे, असे बाईंनी सुचविले तेव्हा ‘ते आज आहेत, उद्या नाहीत’ म्हणून आम्हीच नाके मुरडली होती. त्यांची मुलगी चार वर्षे शाळेत आहे. तेवढ्या काळात गावच्या सात मुलांनी शाळा सोडली.

तर मग करावे काय? लहान शाळा कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, असा हट्ट आम्ही धरणार नाही. पण बंद करण्यापूर्वी कायद्याने सांगितलेला दुसरा शिक्षक तिला एक पूर्ण वर्षभर द्यावा आणि मग पट मोजावा. पट तरीही चढला नाही तर ते बोलणे खरे मानू. विलीनीकरणाचा प्रस्ताव मे महिन्यात, सुटीत, सही करण्यापुरता आणू नये; तो डिसेंबर-जानेवारीत यावा, म्हणजे समितीला पालकांकडे जाता येईल, नजीकच्या शाळेत जाऊन तिथले वर्ग, तिथली पाण्याची टाकी, तिथले शिक्षक पाहता येतील. ज्या शाळेत मुले पाठवायची ती समितीने पाहिलेलीच नाही, आणि संमती मात्र द्यायची, हा प्रकार मुलीचे घर न पाहता सोयरीक जमविण्यासारखा आहे. वाहनाचे आश्वासन प्रस्तावातच लेखी असावे आणि वाहन पहिल्या दिवशी दारात उभे असावे.

शाळा न मोडता शिक्षक आणि साधने एकत्र करण्याचाही मार्ग आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली होती, २०२० च्या धोरणाने ती पुन्हा उचलली आहे. जवळच्या चार-पाच लहान शाळांनी एक चित्रकलेचा शिक्षक, एक खेळाचा शिक्षक, एक ग्रंथपेटी वाटून घ्यावी, आठवड्यातून एक दिवस सारी मुले एका ठिकाणी आणावीत. तिसरीतल्या त्या मुलाला त्या दिवशी वीस सोबती मिळतील आणि उरलेले पाच दिवस त्याच्या धाकट्या बहिणीला साकव ओलांडावा लागणार नाही. हे कठीण आहे काय? आमच्या मते ते एका वाहनाचे आणि एका वेळापत्रकाचे काम आहे. विलीनीकरणाला खर्च कमी लागतो एवढाच त्यातला अडसर असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मुलांचे हित त्यात ओढू नये.

आणि शाळा बंद झालीच तर तिच्या इमारतीचे काय करायचे, हेही आधी ठरावे. बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या पाहाव्यात: कुठे मतपेट्यांची अडगळ, कुठे सिमेंटची पोती, कुठे नुसतेच रान. ज्याच्या आजोबाने भरडातला तुकडा दिला, त्याने तो गोदामासाठी दिलेला नव्हता.

मे महिन्यातल्या त्या बैठकीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. दोन पुरुष सदस्यांनी सही केली. ‘उगाच वैर कशाला’ असे त्यांचे म्हणणे. पाच स्त्रियांपैकी एकीने, तिसरीतल्या मुलाच्या आईने, आम्ही सहीसाठी खिशातून काढलेले पेन मागून घेतले आणि ठरावाच्या समासात लिहिले: ‘गाडी पहिली, मागीर सही.’ खाली स्वतःचे नाव. मग उरलेल्या चौघींनी तिच्या नावाखाली आपापली नावे लिहिली. आम्ही कोणत्या दोन पुरुषांत मोडतो, असा प्रश्न पडला असेल, तर उत्तर असे की सही आमच्या हातून त्याआधीच होऊन गेली होती. ती आम्ही खोडली आणि खोडल्याची नोंद केली. गृहस्थांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि वर कळवतो म्हणाले.

शाळा जूनमध्ये उघडली. मुले आठ आहेत. एक कुटुंब भाड्याचे घर सोडून गेले. दुसऱ्या बाईंविषयी पंचविसाव्या कलमाचा हवाला देऊन समितीने पत्र पाठविले आहे, त्याची पोच मिळाली आहे. पुढील बैठकीची नोटीस काल आली. विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त वाचून कायम करणे आणि आयत्या वेळचे विषय, अशा दोनच बाबी आहेत. साकवाचा विषय त्यात नाही. तो घालण्याबद्दल आम्ही लेखी कळविले आहे, आणि कानडी बोलणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांना निमंत्रण द्यावे, हेही.